आमच्याकडे असं काही वाजत नव्हतं

गेल्या महिन्यात ठाण्यातल्या एका छोट्या सभागृहात डायलिसिसवर जगणाऱ्या माणसांवरचा माहितीपट दाखवला गेला. पन्नास मिनिटांचा. त्यात माझा दादा जेमतेम चाळीस सेकंद दिसतो. खुर्चीवर डावा हात पसरून बसलाय, नळ्यांमधून रक्त बाहेर जातंय आणि परत येतंय, नजर खिडकीकडे, उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर हलताहेत. त्या चाळीस सेकंदांवर व्हायोलिन आहे. एक लांबवलेला सूर, त्याखाली दुसरा, मग पियानोचे सुटे सुटे ठोके. माझ्या शेजारच्या बाईंनी रुमाल काढला. फिल्म संपल्यावर चर्चा झाली, त्यात किडनीचं आणि अवयवदानाचं सगळं बाजूला राहिलं आणि वाद पेटला तो संगीतावर. एक गट म्हणाला, आजारी माणसाच्या उशाशी व्हायोलिन वाजवणं हा रडवण्याचा धंदा आहे, माहितीपटात पार्श्वसंगीत असूच नये. दुसरा म्हणाला, संगीत काढून बघा, दहाव्या मिनिटाला सभागृह रिकामं होईल. दोन्हीकडचे लोक वाचलेले, तळमळीचे. हा वाद आता तलावपाळीच्या सकाळच्या फेऱ्यांपर्यंत आणि वाचनालयाच्या कट्ट्यापर्यंत पोचलाय आणि अजून त्याच दोन वाक्यांवर अडून बसलाय. ज्यांच्यावर ही फिल्म आहे असे चार जण त्या दिवशी पहिल्या रांगेत होते. माईक त्यांच्याकडे गेलाच नाही. जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरताना दादा मला म्हणाला, "छान केलंय गं. पण आमच्याकडे असं काही वाजत नव्हतं."

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. संगीत असावं की नसावं, हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. दीर्घ आजारावरच्या माहितीपटात संगीत खुशाल असावं, पण ते त्या आजारासोबत राहणाऱ्याच्या कानातून आलेलं असावं, आणि फिल्म पक्की होण्याआधी त्याला ऐकवलेलं असावं. 'हे माझं नाही' असं तो म्हणाला तर काढून टाकायची तयारी असावी. सभागृहातल्या दोन्ही गटांना त्याची आठवण नव्हती. एकाला प्रेक्षकाच्या बुद्धीची काळजी, दुसऱ्याला प्रेक्षकाच्या डोळ्यांतल्या पाण्याची. पडद्यावर जो बसलाय त्याच्या कानांचं काय?

सहा वर्षं मी दादासोबत जाते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारची पाळी, चार तास. वहिनीची नोकरी आहे, म्हणून बहुतेक वेळा मीच. तिथे काय काय वाजतं ते मला पाठ झालंय. मशीनवरचा रक्ताचा पंप फिरतो, त्याची एका लयीतली घरघर असते. मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर रक्त ओढताना ती बदलत नाही, त्यामुळे थोड्या वेळाने ऐकूच येईनाशी होते. मग कुणाची तरी नळी दुमडते, प्रेशर वाढतं आणि मशीन वाजायला लागतं. नवीन माणूस दचकतो, जुने मानही वर करत नाहीत, "सिस्टर, सात नंबर" एवढंच म्हणतात. टेक्निशियनच्या खिशातल्या फोनवर जुनी गाणी चालू असतात, बहुतेक किशोरकुमार, मधूनच एखादं नाट्यगीत, कारण चार नंबरच्या आजोबांची फर्माईश. डब्यांची झाकणं उघडतात. मॅच असली की स्कोअर. शेवटच्या तासात कुणाच्या तरी पोटरीत गोळा येतो, तो कळवळतो, दोघी धावतात. आणि एक आवाज असा आहे जो त्या खोलीत ज्याचा त्यालाच ठाऊक असतो. डायलिसिससाठी हातातली रोहिणी आणि नीला एकमेकींना जोडतात, त्याला फिस्च्युला म्हणतात. तिथून रक्त इतक्या जोरात जातं की बोट ठेवलं तर मांजर गुरगुरावी तशी थरथर लागते आणि कान लावला तर सूं-सूं ऐकू येतं. रात्री हात चुकून उशीवर आला की दादाला तो आवाज येतो. पहिल्या वर्षी त्याने त्याची झोप उडायची. आता तो आला नाही तर उडेल, कारण आवाज थांबला म्हणजे फिस्च्युला बंद पडला. सकाळी डोळे उघडले की तो चष्म्याच्याही आधी डाव्या हाताकडे उजवा हात नेतो. आहे ना, वाजतंय ना, एवढं बघतो आणि मग उठतो.

यातलं त्या चाळीस सेकंदांत काही नव्हतं. का नव्हतं हे मी दिग्दर्शिकेलाच विचारलं. तिशीतली मुलगी आहे, मोकळेपणाने बोलली. शूटिंगच्या वेळी टेक्निशियनच्या फोनवर गाणं चालू होतं आणि ते ध्वनीत उतरलं. चित्रपटातलं गाणं म्हटलं की परवानगी, परवानगी म्हटली की पैसे, आणि ते तिच्या आवाक्याबाहेरचे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात, फिल्ममध्ये ओघाने पार्श्वभूमीला आलेल्या चित्राला सूट दिलेली आहे. ओघाने कानावर पडलेल्या गाण्याला तशी नेमकी सूट तिथे नाही. म्हणजे सेंटरच्या भिंतीवर टांगलेलं चित्र फिल्ममध्ये निर्धास्त येऊ शकतं, फोनवरचं गाणं येऊ शकत नाही. गाणं काढायचं तर मशीनचा, माणसांचा, डब्यांचा आवाजही त्याच्यासोबत गेला, कारण सगळं एकात एक मिसळलेलं. मग खड्डा पडला. तो बुजवायला तिने वर्गणी भरून मिळणाऱ्या संगीताच्या साठ्यातून एक तुकडा घेतला. तिथे संगीत भावनांच्या कप्प्यांत लावलेलं असतं, आणि त्या कप्प्यातला तुकडा रुग्णालयालाही चालतो, पुरालाही चालतो, वृद्धाश्रमालाही चालतो. म्हणून 'रडवण्याचा धंदा' हा आरोप मला त्या मुलीवर अन्याय करणारा वाटतो. पैसा नव्हता, वेळ नव्हता, आणि खड्डा बुजवताना ज्याच्या अंगणात तो पडला त्याला विचारायचं राहून गेलं.

पण हेतू वाईट नव्हता म्हणून परिणाम पुसला जात नाही. दादा तरुणपणी तबला शिकला. फिस्च्युला डाव्या हातात झाल्यापासून डग्गा सुटला, कारण त्या हातावर भार द्यायचा नाही, दाब येऊ द्यायचा नाही. उजवा हात मात्र मोकळा आहे आणि गाणं लागलं की त्याची बोटं दिसेल त्या पृष्ठभागावर ठेका धरतात. फिल्ममध्ये खुर्चीच्या दांडीवर हलतात ती हीच बोटं. फोनवर गाणं चालू होतं, दादा त्याला साथ करत होता. गाणं काढून व्हायोलिन घातल्यावर काय झालं? चर्चेत एक गृहस्थ उठून अगदी कळवळून म्हणाले, "त्या पेशंटच्या बोटांची ती अस्वस्थ थरथर मी विसरू शकणार नाही." दादा त्यांच्यापासून तीन खुर्च्या सोडून बसला होता. रशियात शंभर वर्षांपूर्वी कुलेशोव्हने एकाच चेहऱ्याशेजारी कधी सूपचा बाऊल, कधी शवपेटी ठेवून दाखवलं होतं की प्रेक्षक त्याच चेहऱ्यावर कधी भूक वाचतो, कधी दुःख. संगीत तेच करतं, आणि जास्त बेमालूम करतं, कारण शवपेटी निदान डोळ्यांना दिसते. एका माणसाचा आनंद पन्नास-साठ लोकांनी यातना म्हणून पाहिला. माहितीपट म्हणवणाऱ्या गोष्टीत ही चूक लहान म्हणायची का?

आणि माझा खरा आक्षेप व्हायोलिनवर नाहीच, त्या तुकड्याच्या घडणीवर आहे. तो हळू सुरू होतो, चढत जातो, टोकाला पोचतो आणि विरतो. अशा संगीताला शेवट हवा असतो, आणि पाहणाऱ्याच्या मनात मग दोनच शेवट तयार होतात: माणूस जिंकला, किंवा गेला. दादाचं यातलं काही होत नाही. तो मंगळवारी जातो, गुरुवारी जातो, शनिवारी जातो आणि पुन्हा मंगळवारी जातो. सहा वर्षांत नऊशेच्या वर वेळा. दुखणं रोजचं असतं, शोक रोजचा नसतो. शोकात सगळं घर थांबतं. दुखण्यात कुकर लावावा लागतो, भाज्या उकळून त्यांचं पाणी फेकावं लागतं म्हणजे पोटॅशियम कमी होतं, भाचीच्या लग्नाचा मुहूर्त डायलिसिसच्या वाराला तर येत नाही ना ते बघावं लागतं. हा काळ ओळखणारं संगीत आपल्याकडे आहे. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला माहीत असतं की आवर्तन पुरं झालं म्हणजे काही संपलं नाही, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर यायचं आणि पुन्हा निघायचं. एकतालाच्या बारा मात्रा त्याच, गाणारा दर फेरीत त्यात नवी जागा शोधतो. शनिवार ते मंगळवार हा दादाच्या आठवड्यातला मोठा खंड. अंगात पाणी साठत जातं, सोमवारी संध्याकाळी पाय जड होतात, श्वास आखूड होतो, औषधाच्या घोटाचंही पाणी मोजून. मंगळवारी मशीनला लागला, अडीच-तीन लिटर पाणी निघालं की चेहरा उतरलेला असतो पण माणूस जागेवर आलेला असतो. "आलो बघ समेवर," हे त्याचेच शब्द आहेत, मी त्याला सुचवलेले नाहीत.

आता समोरच्यांच्या सगळ्यात भक्कम मुद्द्याकडे येते. संगीताशिवाय लोक पाहणार नाहीत, पाहणार नाहीत तर कळणार नाही, कळलं नाही तर अवयवदानाचे अर्ज भरले जाणार नाहीत. यात तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. त्या संध्याकाळी बाहेरच्या टेबलावर फॉर्म ठेवले होते, ते भरताना मी लोकांना पाहिलंय. किडनीची वाट पाहणाऱ्याच्या घरातली बाई अशा फॉर्मला नावं ठेवू शकत नाही. पण दयेवर चालणारी जाणीव किती टिकते याचा अनुभव आपल्या कानांना आहे. आकाशवाणीने राष्ट्रीय दुखवट्याच्या दिवसांत सारंगी इतकी वाजवली की आमच्या पिढीत सकाळी रेडिओ लावला आणि सारंगी लागली की आई विचारायची, "कोण गेलं?" इंदिरा गांधी गेल्या त्या १९८४ च्या नोव्हेंबरात तर दिवसच्या दिवस तेच. परिणाम काय झाला? देशासाठी कुणाचा शोक वाढला नाही, सारंगी मात्र शोकाला बांधली गेली. पंडित रामनारायण यांनी त्या वाद्याला एकलवादनाच्या मंचावर बसवायला आयुष्य घातलं, तरी सामान्य माणसाच्या कानातली ती गाठ पुरती सुटली नाही. डायलिसिसच्या खुर्चीलाही आपण अशीच गाठ मारत चाललोय. व्हायोलिनसकट खुर्ची पाहिलेला माणूस उद्या डॉक्टरांनी डायलिसिस सुचवलं की 'म्हणजे संपलं' असं समजतो. आमच्या सेंटरमध्ये असे दोघे येऊन गेले, ज्यांनी त्या भीतीने महिनाभर टाळाटाळ केली आणि फुफ्फुसात पाणी भरल्यावर आले. त्यांना कुणीतरी आधी दाखवायला हवं होतं की तिथे डबे उघडतात, फर्माईशी होतात आणि सात नंबरचं मशीन वाजलं तरी कुणी दचकत नाही.

दुसरा मुद्दा मला जास्त आवडतो, कारण तो कलेच्या बाजूने येतो. संगीत कधी कधी असं सत्य सांगतं जे समोरचा आवाज सांगू शकत नाही. याला पुरावा हवा तर १९५५ चा 'पथेर पांचाली' घ्या. मुलगी गेल्यावर बाप परत येतो, आईचा, सर्वजयेचा बांध फुटतो, आणि सत्यजित राय तिचा हंबरडा काढून टाकून तिथे तारशहनाई या गजाने वाजवायच्या वाद्यावर पटदीप राग ठेवतात. मूळ आवाज पुसला आणि दुःख जास्त खरं झालं. पार्श्वसंगीत ही परकी चाल आहे असंही कुणी म्हणू नये. भरताच्या नाट्यशास्त्रात ध्रुवा गीतांना आख्खा अध्याय दिलेला आहे. पात्राचा प्रवेश, त्याचं जाणं, त्याची बदललेली मनःस्थिती, यांसाठी गायकवृंदाने गायची ती पदं, पाच प्रकारची. पात्राला काय वाटतंय ते दुसऱ्याच्या गळ्यातून येणं आपल्याला हजारो वर्षांपासून मान्य आहे. मग माझं भांडण कशाशी? फरक असा की तारशहनाई सर्वजयेच्या तोंडातून निघाल्यासारखी येते. ती तिच्याविषयी बोलत नाही, ती तीच आहे. शिवाय सर्वजया कथेतली आहे. प्रयोग संपल्यावर ध्रुवेतलं पात्र रंग उतरवून घरी जायचं. दादाला रंग उतरवता येत नाही. त्याला त्याच चेहऱ्याने रिक्षातून घरी जायचंय, उद्या दूधवाला "तुम्हाला बघितलं, लई वाईट वाटलं" म्हणणार आहे, आणि त्या वाईट वाटण्याला उत्तर त्यालाच द्यायचंय.

म्हणजे मग मी 'संगीत नकोच' म्हणणाऱ्यांच्या बाजूची झाले का? नाही. त्यांचा आदर्श मला ठाऊक आहे. फ्रेडरिक वाइजमन यांनी १९८९ साली बॉस्टनच्या एका अतिदक्षता विभागावर जवळपास सहा तासांची फिल्म केली, निवेदन नाही, बाहेरून घातलेलं संगीत नाही. १९९५ साली डेन्मार्कमधल्या दिग्दर्शकांनी तर कथापटांसाठीही शपथ घेतली की जिथे शूटिंग चाललंय तिथे वाजत असेल तेवढंच संगीत. या शिस्तीबद्दल मला आदर आहे. पण आमच्या वादात ती शिस्त 'शांतता म्हणजे सत्य' अशी येते, आणि तिथे मी थांबते. सेंटरच्या बाहेर शांतता क्षेत्राची पाटी आहे: रुग्णालयाभोवती शंभर मीटर, दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. ती पाटी हवीच. तिच्यासाठी ठाण्यातल्याच एका डॉक्टरांनी उच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि २०१६ साली त्यावर सविस्तर निकाल आला. पण ती पाटी रस्त्यासाठी आहे. आत चार तास बसणारा माणूस गाण्यावरच ते तास काढतो. त्याच्या खोलीतून गाणं पुसून निव्वळ शांतता ठेवली तर तीही बाहेरूनच आणलेली. रिकामी पांढरी खोली आणि एकटा माणूस दाखवणारी शांतता व्हायोलिनइतकंच मोठ्याने सांगते की इथे मरण बसलंय. न वाजवणं हीसुद्धा निवड आहे, आणि ती निवडणाऱ्यालाही विचारायला हवं: कुणाच्या कानाने निवडलीत?

मराठी माणसाने तरी या वादात इतकं गोंधळायला नको होतं, कारण हाच वाद आपण एकदा मनापासून भांडून घेतलाय. ज्यांच्या नावाचं रंगायतन आम्ही तलावाकाठी रोज बघतो त्या गडकऱ्यांचा 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आला, तेव्हा गडकरी नुकतेच गेले होते. त्यातली पदं त्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली. नवऱ्याच्या व्यसनाने धुळीला मिळालेली सिंधू, तिच्या तोंडी मागाहून दुसऱ्याने घातलेली गाणी, आणि ती गाणारे बालगंधर्व. लोक त्या गाण्यांसाठी यायचे, वन्स मोअर घ्यायचे. वन्स मोअर मिळाला की सिंधूचं दुःख थांबायचं, पुन्हा मागे जायचं, पुन्हा सुरू व्हायचं. त्या गाण्यांनी मराठी मन घडवलं हे खरं, आणि गाण्यांखाली नाटक गुदमरलं ही तक्रारही खरी. तेव्हाही दोन टोकं होतीच. पण 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेच्या लोकांनी १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केलं तेव्हा त्यांनी गाणं हद्दपार केलं नाही. मोजकी गाणी ठेवली, केशवराव भोळ्यांनी ती भावगीताच्या अंगाने बांधली, पात्र जिथे खरंच गाईल तिथे आणि जेवढं गाईल तेवढंच. प्रश्न गाण्याच्या असण्याचा नसून पात्राच्या हक्काचा आहे, हे तेव्हा उमगलं होतं. नव्वद वर्षांनी आपण पुन्हा पहिल्या पायरीवर का उभे आहोत?

त्याहून जुना धडा जात्यावरचा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सासुरवास, गर्भारपण, दुखणं, भावाची वाट, सगळं त्यात आहे. पहाटे दळणाऱ्या बाईवर कुणी करुण संगीत वाजवलं नाही. तिने स्वतः गायलं, जात्याच्या घरघरीवर, जेवढा दाणा तेवढी ओवी. अलीकडचं उदाहरण हवं तर आनंद पटवर्धन यांचा २०११ चा 'जय भीम कॉम्रेड' आहे. मुंबईतल्या रमाबाई नगरात १९९७ साली झालेल्या पोलीस गोळीबारानंतरची चौदा वर्षं शाहिरांच्या स्वतःच्या गाण्यांनी बांधली आहेत, आणि कुणाच्या दुःखाखाली काही अंथरायची गरज पडलेली नाही. आणि आजाराच्या बाबतीत म्हणाल तर २०१७ चा 'अनरेस्ट'. जेनिफर ब्रिया या स्वतः त्या दीर्घ थकव्याच्या आजारात अंथरुणाला खिळलेल्या, आणि मोठा भाग त्यांनी तिथूनच दिग्दर्शित केला. या आजाराच्या तीव्र अवस्थेत कित्येकांना साधा आवाजही सोसत नाही. अशा फिल्मला संगीत आहे, तेही बेअर मॅक्रिरी या नावाजलेल्या संगीतकाराचं. 'संगीत म्हणजे फसवणूक' म्हणणाऱ्यांनी इथे काय म्हणायचं? मला त्यात विसंगती दिसत नाही. काय वाजावं आणि कुठे थांबावं हे सांगण्याची जागा आजारासोबत राहणाऱ्या व्यक्तीकडेच होती.

यावर एक प्रश्न मला थेट विचारला गेला आणि तो टोचला. पेशंटला विचारून संगीत ठरवायचं, तर मग दिग्दर्शकाचं काय उरलं? आणि पेशंटलाच व्हायोलिन हवं असेल तर? हे दुसरं खरंच घडलं. नऊ नंबरवर येणाऱ्या एका गृहस्थांच्या पत्नी मला सेंटरच्या बाहेर म्हणाल्या, "ताई, तुम्ही ते संगीत काढायला सांगू नका. मी दहा वर्षं घरात हसून वावरते. माझं रडू कुणी बघितलं नाही. त्या फिल्मने बघितलं." मी दोन दिवस गप्प होते. त्यांचं चूक आहे असं मला आजही म्हणता येत नाही. पण त्यांच्या बोलण्याने माझं म्हणणं मोडलं नाही, नेमकं झालं. ते व्हायोलिन त्यांचं आहे. त्या जिथे दिसतात, औषधांची पिशवी छातीशी धरून लिफ्टची वाट बघतात, तिथे ते असू द्या. एका बाईचं दाबलेलं रडू उचलून चौघांवर पांघरू नका, एवढंच. दिग्दर्शकाचं काम यात कमी होत नाही, वाढतं. चार माणसांचे चार कान ऐकायचे, त्यातून एक फिल्म बांधायची. तयार कप्प्यातून तुकडा उचलण्यापेक्षा हे अवघड आहे, आणि अवघड आहे म्हणूनच त्याला दिग्दर्शन म्हणायचं. खर्चाचा मुद्दाही मी मानते, पण शूटिंगच्या आधी टेक्निशियनला "अर्धा तास फोन बंद ठेव, नुसत्या खोलीचा आवाज घेऊ दे" म्हणायला पैसे लागत नाहीत. आणि शब्दच हवे असतील तर तुकोबांच्या शब्दांवर कुणाचा कॉपीराइट नाही, आणि पेशंटच्या बोटांनी धरलेल्या ठेक्यावर तर त्याच्याशिवाय कुणाचाच नाही.

हेच मी दिग्दर्शिकेला सांगितलं. ती ऐकून घेऊन निघून जाईल असं वाटलं होतं. पुढच्या गुरुवारी ती छोटा रेकॉर्डर घेऊन सेंटरला आली. परवानगी काढून आली होती. टेक्निशियनने फोन बंद केला, चार नंबरच्या आजोबांनी त्याबद्दल नाराजी नोंदवली. तिने पंपाची घरघर घेतली, सात नंबरचं मशीन नेमकं तेव्हाच वाजलं तेही घेतलं, आणि दादाच्या डाव्या हाताला स्टेथोस्कोप लावून त्यातून फिस्च्युलाचा आवाज घ्यायचा प्रयत्न केला. दोनदा नुसती खरखर आली, तिसऱ्यांदा आला. मग दादाने दांडीवर उजव्या हाताने एकताल धरला, विलंबित, डग्ग्याशिवाय जेवढा येतो तेवढा. शनिवारी तिने ते चाळीस सेकंद नव्याने बांधून पाठवले. शेवटचा अर्धा तास उरला होता, पाय वळायला लागले होते, तरी दादाने हेडफोन लावून ते तीनदा ऐकले, मान खाली घालून. सिस्टर सुया काढायला आल्या, त्यांना त्याने हातानेच थांब म्हटलं. मग हेडफोन काढला आणि मला म्हणाला, "तिला कळव, शेवटी लय चढलीय माझी. मंगळवारी परत घेऊ."